शरीराची सफाई आणि रोजचं फळ



ज्यांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी या व्याख्यानमालेसाठी इथे जमता, त्या डॉक्टरांनी तालुक्याच्या गावात राहून आयुष्यभर साध्या माणसांचे आजार पाहिले. त्यांच्या चिठ्ठीवर औषधांच्या खाली काय खावं याच्याही दोन ओळी असत, असं त्यांच्या जुन्या पेशंटांकडून मी ऐकलं आहे. म्हणून आज किडनीच्या अवघड आजारांवर न बोलता फळांवर बोलायचं मी ठरवलं.

मी मूत्रपिंडविकारांचा डॉक्टर आहे. हल्ली माझ्याकडे निरोगी माणसंही येतात आणि विचारतात, “डॉक्टर, महिन्यातून तीन दिवस नुसत्या फळांवर राहिलो तर शरीर आतून साफ होतं ना? लिव्हर-किडनीतली घाण निघून जाते ना?” हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. विचारणाऱ्याला आपल्या शरीराची काळजी असते, काहीतरी चांगलं करायची इच्छा असते. तिचा उपयोग व्हावा म्हणून आज सविस्तर उत्तर देतो. फळं शरीराच्या सफाईला मदत करतात, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. ती मदत कशी होते ते मात्र बहुतेकांना ठाऊक नसतं, आणि ते ठाऊक नसल्यामुळे लोक भलत्याच मार्गाला लागतात.

आधी सफाई करतं कोण, ते पाहू. आपल्या दोन्ही मूत्रपिंडांत मिळून सुमारे वीस लाख सूक्ष्म गाळण्या असतात. त्यांतून दिवसाला साधारण १८० लिटर द्रव गाळला जातो. शरीरात रक्त असतं पाच लिटरच्या आसपास, त्यातला पातळ भाग तीन लिटर. म्हणजे तो भाग दिवसभरात साठेक वेळा गाळून निघतो. गाळलेल्यातलं ९९ टक्के पाणी, सगळी साखर आणि लागेल तेवढं मीठ मूत्रपिंडं परत रक्तात घेतात, आणि नको असलेलं दीड-दोन लिटर लघवीतून बाहेर टाकतात. तिकडे यकृत प्रथिनांच्या पचनातून तयार झालेल्या विषारी अमोनियाचं युरियात रूपांतर करतं, औषधं आणि दारू यांचे रेणू मोडतं आणि पित्तावाटे बरंच काही आतड्यात सोडतं. हे काम तुम्ही झोपलेले असतानाही चालू असतं. दिवाळीच्या आधी घर झाडून काढावं तशी वर्षातून एकदा शरीराची झाडलोट करता येईल, ही कल्पना इथेच गळून पडते. इथे केर साठवून ठेवण्याची सोयच नाही. मूत्रपिंडं काही दिवस थांबली तरी माणूस अत्यवस्थ होतो. डायलिसिसवरची माणसं हे रोज अनुभवत असतात.

मग फळाचं काम काय? या अवयवांचं ओझं कमी करणं आणि त्यांना लागणारी सामग्री पुरवणं. ते तीन ठिकाणी होतं.

पहिलं ठिकाण आतडं. फळातला चोथा, म्हणजे तंतू, आपल्याला पचवता येत नाही आणि हाच त्याचा गुण आहे. तो पाणी धरून ठेवतो, मळ मऊ करतो, पुढे सरकवतो. पेरूच्या शंभर ग्रॅममध्ये पाच ग्रॅमहून अधिक तंतू असतात. अंजीर, सफरचंद आणि चिकूतही ते चांगले मिळतात. पोट साफ होणं एवढ्यावर आपण बहुधा थांबतो, पण खरी गंमत पुढे आहे. यकृत कोलेस्टेरॉलपासून पित्ताम्ल बनवतं. ती चरबीच्या पचनासाठी आतड्यात उतरतात आणि काम झालं की पंच्याण्णव टक्के पुन्हा रक्तात शोषली जाऊन यकृताकडे परततात. दिवसातून अनेकदा हा फेरा होतो. सफरचंद, पेरू, संत्र्याच्या फोडींवरची पांढरी साल यांत असणारं पेक्टिन या पित्ताम्लांना धरून ठेवतं आणि मळाबरोबर बाहेर नेतं. तूट भरून काढायला यकृत रक्तातलं कोलेस्टेरॉल ओढून घेतं. आपण ज्याला आतली सफाई म्हणतो, तिचं इतकं स्वच्छ उदाहरण मला दुसरं माहीत नाही. म्हणून संत्र्याची फोड सोलताना वरची पांढरी साल पार खरवडून काढू नका.

उरलेले तंतू मोठ्या आतड्यातल्या जीवाणूंच्या वाट्याला येतात. ते त्यांचं ब्युटिरेट नावाचं आम्ल करतात, आणि आतड्याच्या अस्तराच्या पेशी प्रामुख्याने त्यावर जगतात. हे अस्तर चार-पाच दिवसांत नवं होत असतं. त्याला रोज शिधा लागतो. महिन्यातल्या तीन दिवसांच्या फळांवर उरलेले सत्तावीस दिवस निघत नाहीत.

दुसरं ठिकाण माझ्या विषयाचं, म्हणून त्यावर थोडा रेंगाळतो. आपल्या ताटात मीठ फार असतं. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमच्या आत राहा म्हणते. लोणचं, पापड, फरसाण, चटणी आणि वरून घेतलेलं चिमूटभर धरलं तर आपण बरेच पुढे जातो. हे जादा मीठ रक्तदाब वाढवतं, आणि वाढलेला रक्तदाब मूत्रपिंडाच्या गाळण्या हळूहळू निकामी करतो. डायलिसिसपर्यंत पोचलेल्या माणसांच्या मागे मधुमेहाच्या खालोखाल मला हाच रक्तदाब दिसतो. इथे फळातलं पोटॅशियम कामाला येतं. रक्तात पोटॅशियम किंचित वाढलं की मूत्रपिंडाच्या सूक्ष्म नळ्यांमधली, मीठ परत ओढून घेणारी एक यंत्रणा मंदावते आणि जादा सोडियम लघवीवाटे निघून जातं. एका मध्यम केळ्यात चारशे मिलिग्रॅमच्या आसपास पोटॅशियम असतं आणि सोडियम जवळजवळ नसतंच. संत्रं, मोसंबी, पपई, टरबूज, डाळिंब, सगळीकडे हाच हिशेब. जळगावचा केळीवाला आणि नागपूरचा संत्रेवाला हातगाडीवर काय विकतो आहे, याचा विचार मी या अंगाने करतो. मीठ बाहेर काढणारं इतकं सौम्य, चवदार आणि परवडणारं साधन डॉक्टरांच्या पेटीत नाही.

तिसरं ठिकाण आम्लाचं. धान्य, डाळी, मांस, अंडी यांच्या पचनातून शरीरात आम्ल तयार होतं आणि ते बाहेर टाकण्याचं कामही मूत्रपिंडांचंच. लिंबू, संत्रं, मोसंबी जिभेला आंबट लागतात, पण त्यांतलं सायट्रेट यकृतात गेल्यावर त्याचं बायकार्बोनेट होतं, आणि ते आम्ल मारतं. टेक्सासमध्ये मूत्रपिंडाच्या बऱ्याच पुढे गेलेल्या आजाराच्या रुग्णांवर एक अभ्यास झाला. तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. काहींना आम्ल मारणाऱ्या खायच्या सोड्याच्या गोळ्या दिल्या, काहींना फळं आणि भाज्या. पोटॅशियम वाढण्याचा धोका नसलेले रुग्णच निवडले होते. वर्षभरानंतर मूत्रपिंडाला होणारी इजा रोखण्यात फळं-भाज्या गोळ्यांच्या बरोबरीने उतरल्या. शिवाय लघवीत उतरलेलं सायट्रेट कॅल्शियमला धरून ठेवतं, त्यामुळे मुतखड्याचे स्फटिक जमायला अडथळा होतो. विदर्भ-मराठवाड्यात उन्हाळ्यात मुतखड्याचे पेशंट वाढतात. त्यांना मी भरपूर पाणी आणि साखर न घातलेलं लिंबूपाणी सांगतो.

ही झाली कार्यपद्धती. प्रत्यक्ष माणसांत काय दिसतं? चीनमध्ये दहा प्रदेशांतल्या पाच लाख प्रौढांची सुमारे सात वर्षं नोंद ठेवली गेली. निष्कर्ष २०१६ मध्ये आले. रोज ताजं फळ खाणाऱ्यांमध्ये हृदयविकार आणि पक्षाघाताने होणारे मृत्यू, फळ क्वचितच खाणाऱ्यांच्या तुलनेत सुमारे ४० टक्क्यांनी कमी होते. त्यांचा रक्तदाब आणि रक्तातली साखरही कमी होती. फळ खाणारी माणसं थोडी सधन, थोडी सावध असतात. त्यांना मिळालेल्या फायद्यात तो वाटाही असणार. संशोधकांनी तो वजा करायचा प्रयत्न केला, पण पूर्ण वजा होत नाही. तरीही या अभ्यासातला एक शब्द मला मोलाचा वाटतो: रोज.

इथे एका मोठ्या माणसाचा प्रयोग सांगायलाच हवा, कारण नुसत्या फळांवर राहण्याची कल्पना आपल्याकडे ज्या आदरातून आली आहे, त्यात त्याचा वाटा आहे. गांधीजींनी दक्षिण आफ्रिकेत, टॉल्स्टॉय फार्मवर, १९१२ मध्ये दूध सोडलं आणि पुढे ते फलाहारावर राहिले. कालेनबाख हे त्यांचे स्नेही सोबतीला होते. त्या आहारात कच्चे शेंगदाणे, केळी, खजूर, लिंबं आणि ऑलिव्हचं तेल असे. नीट पाहिलंत तर त्यात प्रथिनं आहेत, चरबी आहे; आज तीन दिवसांच्या रसांच्या बाटल्या विकणाऱ्यांच्या यादीत या दोन्ही गोष्टी सापडत नाहीत. इतका विचारपूर्वक बांधलेला आहारही शेवटी पुरला नाही. १९१८ मध्ये खेडा जिल्ह्यात फिरताना ते आमांशाने गंभीर आजारी पडले, अशक्तपणा हटेना, आणि अखेर शेळीचं दूध घ्यायला ते राजी झाले. दूध न घेण्याची प्रतिज्ञा मोडल्याची खंत त्यांनी मोकळेपणाने लिहून ठेवली आहे. पुढे मार्च १९४६ मध्ये ते पुणे जिल्ह्यातल्या उरुळी कांचनला येऊन राहिले, गावकऱ्यांवर निसर्गोपचार केले, आणि तिथल्या निसर्गोपचार केंद्राचं काम आपले सहकारी मणिभाई देसाई यांच्यावर सोपवलं. तो आश्रम आजही चालू आहे. गांधीजींचा आग्रह असा की खेड्यातल्या गरिबाला परवडेल असं आरोग्य हवं. माती, पाणी, ऊन आणि साधा आहार. तो आग्रह मला पटतो. त्यांच्या आयुष्यातून मी घेतो ते हेच: फळ जेवणात असावं, पण सगळं जेवण फळाचं करू नये. नुसत्या फळांवर आठवडा काढणाऱ्याचं वजन उतरतं. त्या उतरलेल्या वजनात पाणी असतं आणि स्नायूही असतात.

आता रसाबद्दल. सकाळी कुठल्याही मोठ्या बागेच्या दाराशी जा. गाजर-बीट, दुधी, कारलं, आवळा, गव्हांकुर, असे पेले ओळीने मांडलेले असतात. ज्येष्ठ मंडळी फिरून येतात आणि श्रद्धेने ते पितात. चालण्याबद्दल मला त्यांचं कौतुक आहे. पेल्याबद्दल काळजी वाटते. १९७७ मध्ये इंग्लंडमधल्या ब्रिस्टॉल इथे केनेथ हीटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक सुंदर प्रयोग केला. दहा निरोगी माणसांना तेवढ्याच साखरेची सफरचंदं तीन रूपांत दिली: अख्खी, लगदा करून, आणि रस काढून. रस अख्ख्या सफरचंदांच्या अकरा पट वेगाने पिऊन होत होता. भूक सर्वांत कमी भागली ती रसाने. रस प्यायल्यावर इन्सुलिन जास्त उसळलं आणि थोड्या वेळाने साखर खाली घसरली. फळ तेच, साखर तेवढीच. फरक चावण्याचा आणि चोथ्याचा. अमेरिकेतल्या १ लाख ८७ हजार लोकांच्या नोंदींवरून २०१३ मध्ये असंच दिसलं: अख्खी फळं, विशेषतः द्राक्षं आणि सफरचंदं, खाणाऱ्यांत मधुमेह कमी, आणि फळांचा रस पिणाऱ्यांत जास्त. जागतिक आरोग्य संघटना रसातली साखर चहातल्या साखरेच्याच रकान्यात धरते. डब्यातल्या रसाचं तर बोलायलाच नको. ‘शंभर टक्के फळांचा रस’ हा दावा वेष्टनांवरून काढा, असं आपल्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाला जून २०२४ मध्ये उत्पादकांना सांगावं लागलं.

दुधीच्या रसाबद्दल स्वतंत्रपणे सांगतो, कारण त्याने माणसं दगावली आहेत. दुधी कडू निघाला तर त्यात कुकरबिटॅसिन नावाचं विष असतं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने यासाठी तज्ज्ञांची समिती नेमली होती. रस कडू लागला तर एक घोटही पुढे घेऊ नका; ‘औषध कडूच असतं’ असं म्हणून तो संपवू नका. उलट्या, रक्ताचे जुलाब, रक्तदाब कोसळणं, हे सगळं तासाभरात होऊ शकतं.

फळांमुळेही इजा होते, हे डॉक्टर म्हणून सांगणं मला भाग आहे. बिहारमध्ये मुझफ्फरपूरला लिचीच्या हंगामात लहान मुलं पहाटे झटके येऊन दगावत. २०१४ च्या उन्हाळ्यात तिथल्या दोन रुग्णालयांत ३९० मुलं दाखल झाली, त्यांतली १२२ गेली. पुढे शोध लागला की लिचीतली दोन द्रव्यं यकृताला साखर तयार करू देत नाहीत. पोटभर जेवलेल्या मुलाला त्याचा त्रास होत नाही. रात्री उपाशी झोपलेल्या, मुळातच कुपोषित मुलाच्या रक्तातली साखर मात्र पहाटे पार उतरते. त्या मुलांना मारलं ते लिचीने आणि उपासमारीने मिळून. रिकाम्या पोटी फळं खाल्ल्याने शरीर शुद्ध होतं असं कोणी सांगितलं, की मला ही मुलं आठवतात.

आणि आपल्या कोकणातलं करमळ, ते पाच कोनांचं आंबट-गोड फळ. धडधाकट माणसाने एखादं खाल्लं तर बिघडत नाही. ज्याची मूत्रपिंडं निकामी झाली आहेत, त्याच्या मेंदूवर मात्र त्यातलं एक द्रव्य परिणाम करतं. न थांबणारी उचकी, भ्रम, झटके आणि प्रसंगी मृत्यू. डायलिसिसवरच्या माणसाने ते तोंडातही घालू नये. त्याच माणसाला केळी आणि शहाळं बेतानेच चालतं, कारण जे पोटॅशियम तुम्हा-आम्हाला उपकारक, ते बाहेर टाकायची वाट त्याच्यापाशी उरलेली नसते आणि त्याचं हृदय थांबू शकतं. रक्तातलं क्रिएटिनिन वाढलेल्या, म्हणजे मूत्रपिंडांचं काम मंदावलेल्या, प्रत्येकाने फळांची यादी आपल्या डॉक्टरांकडूनच घ्यावी.

आता नेहमीचा प्रश्न: “मधुमेह आहे, आंबा खाऊ का?” खा. आंब्याच्या दोन महिन्यांत मधुमेही माणसाला ताटावर बसून नुसतं बघत ठेवणं मला क्रूरपणाचं वाटतं. साखर आटोक्यात असेल तर मध्यम आंब्याचा अर्धा भाग, चावून, आणि त्या जेवणात एक पोळी कमी. पुरीबरोबर वाट्यावर वाट्या आमरस नको, कारण रसात चावणं संपतं आणि मोजमापही संपतं. एरवी पेरू, पपई, जांभूळ, संत्रं, सफरचंद यांची एखादी वाटी रोज घ्या. चिकू, सीताफळ, द्राक्षं बेतशीर.

विकत घेताना हंगाम पाहा. कॅल्शियम कार्बाइड टाकून फळं पिकवायला कायद्याने बंदी आहे, कारण त्यात आर्सेनिक आणि फॉस्फरसचे अंश असतात. इथिलिन वायूने ठरलेल्या प्रमाणात पिकवायला परवानगी आहे आणि त्यात भिण्यासारखं काही नाही. फळ वाहत्या पाण्याखाली चोळून धुवा. कापलेलं फळ उघड्यावर ठेवलेलं घेऊ नका. परदेशी किवी आणि ब्लूबेरी खाल्ल्या तर उत्तम, पण त्या नसल्या म्हणून काही अडत नाही. आवळ्यात संत्र्याच्या कितीतरी पट क जीवनसत्त्व असतं, पेरूतही चार पट. बोरं, करवंदं, जांभळं, कवठ, रातांबा, तोरणं ही आपल्या माळावरची आणि डोंगरातली फळं एका पिढीत मुलांच्या खिशातून नाहीशी झाली. बोरन्हाणाला एकदा डोक्यावरून बोरं ओतली, आवळी नवमीला झाडाखाली एकदा जेवलो, की त्या फळांशी आपला संबंध संपतो.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये सांगितलेलं प्रमाण आहे रोज शंभर ग्रॅम फळं, चारशे ग्रॅम भाज्या. शंभर ग्रॅम म्हणजे एक लहान पेरू. हे फार नाही, तरी ते ज्या ताटांत पोचत नाही अशी ताटं आपल्या राज्यात कमी नाहीत. १९९० साली महाराष्ट्राने रोजगार हमी योजनेला फळबाग लागवड जोडली आणि कोरडवाहू जमिनीवर आंबा, बोर, डाळिंब, सीताफळ, चिकू उभे राहिले. ते मोठं काम होतं. घोलवडचा चिकू, सोलापूरचं डाळिंब, पुरंदरचं अंजीर, बीडचं सीताफळ, जालन्याची मोसंबी यांना भौगोलिक मानांकन मिळालं, परदेशात जाणाऱ्या गाड्या भरू लागल्या, शेतकऱ्याच्या हाती पैसा आला. पण सीताफळ तोडणाऱ्या बाईच्या मुलाला सीताफळ मिळतं का, हा प्रश्न शिल्लक आहे. ती फळं उतरवते, प्रतवारी करते, खोक्यात कागद लावते आणि घरी भाकरी-मिरची घेऊन जाते. शरीरशुद्धीच्या शिबिराला जाणारा माणूस तीन दिवसांत जेवढी फळं खातो, तेवढी तिच्या घरात वर्षभरात येत नसतील. मला वाटतं, आपली सारी कळकळ तिकडे वळायला हवी.

नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारने शाळेच्या पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडं, आणि अंडं न खाणाऱ्या मुलांना केळं द्यायचं ठरवलं होतं. अशा निर्णयांच्या मागे गावाने उभं राहिलं तरच ते टिकतात. आणि सरकारची वाट न पाहताही एक गोष्ट करता येते. शाळेचं आवार, गायरानाची कड, ओढ्याकाठची पडीक जागा, दवाखान्याचं कुंपण, अशा ठिकाणी जांभूळ, आवळा, बोर, पेरू, कवठ ही झाडं लावता येतात. पहिली दोन-तीन वर्षं पाणी आणि गुरांपासून राखण एवढंच त्यांना लागतं. झाडावरचं फळ मुलांनी तोडून खायचं, त्याचा लिलाव करायचा नाही, एवढा ठराव ग्रामपंचायतीने करावा. या सभागृहात पंचायतीचे सदस्य आहेत, शिक्षक आहेत, रोपवाटिका चालवणारे शेतकरी आहेत. पावसाळ्याआधी जागा ठरवा, खड्डे घ्या. रोपांचा खर्च मी आणि माझे सहकारी डॉक्टर मिळून उचलू; व्याख्यान संपल्यावर मी इथेच थांबणार आहे, ज्यांच्या मनात एखादी जागा असेल त्यांनी नाव लिहून द्यावं.